स्क्रीनवरचे बारा व्होल्ट आणि वायरीतले बारा व्होल्ट

ज्यांना प्रवासात ऐकताना आकडे डोक्यात राहत नाहीत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मी "हा लाल, तो पिवळा, त्याच्या बाजूचा" असं करत होते. वाचणाऱ्याला ते कळणार नाही म्हणून तेवढं नीट केलंय. बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय म्हणजे जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून बाहेर पडणारं व्होल्टेज बरोबर आहे का, हे तपासायचं कसं. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यात असलेला पत्र्याचा डबा. भिंतीतली वायर ज्यात घुसते आणि ज्याचा पंखा घुंईऽऽ करतो, तो.

तुम्ही म्हणाल, आमचं सगळं फोनवर चालतं, आम्हाला काय करायचंय? पण तुमच्या नात्यात कुठेतरी असा एक डबा अजून चालू असतो. आणि तो बिघडला की फोन तुम्हालाच येतो. "कॉम्प्युटरचं शिकलीयेस ना तू, मग बघ की जरा." मी दिवसभर जावा लिहिते, एसएमपीएसशी माझा संबंध नाही, हे मामाला सांगून उपयोग नसतो.

माझ्या मामाची सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, जत्रेची पत्रकं. तिथे २००२ साली घेतलेलं अ‍ॅथलॉन एक्सपीचं मशीन आहे. त्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि श्रीलिपीची जुनी आवृत्ती. सॉफ्टवेअरची किल्ली म्हणजे मागच्या पॅरलल पोर्टला लावलेला डोंगल. नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. त्यात वीस वर्षांच्या फाईली जुन्या फॉन्टमधल्या, युनिकोड नाही. दुसऱ्या मशीनवर उघडल्या तर अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं. त्यामुळे "अहो, नवीन घ्या की" हा सल्ला द्यायला सोपा असला तरी मामाच्या कामाचा नाही. हे मशीन गेल्या लग्नसराईत मोठं पान उघडलं की रीस्टार्ट व्हायला लागलं. गावातल्या दुरुस्तीवाल्याने नवा एसएमपीएस बसवला, तरी तेच. मग त्याने सांगितलं, मदरबोर्ड गेला, भंगारात द्या.

पुढे काय झालं ते सांगते, पण आधी थोडं आत काय चालतं ते बघू.

डब्यात काय होतं

भिंतीतून २३० व्होल्ट एसी येतं. एसएमपीएस ते आधी साधारण ३२५ व्होल्ट डीसी करतो, मग ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेतो आणि दुसऱ्या बाजूला कमी व्होल्टेजच्या वेगवेगळ्या लाइनी काढतो. तुमच्या फोनचा चार्जरही हेच करतो. यूएसबीचे ५ व्होल्ट आणि या डब्याच्या लाल वायरीतले ५ व्होल्ट हे एकाच घरातले.

एटीएक्स ही पद्धत इंटेलने १९९५ मध्ये आणली आणि तेव्हापासून वायरींचे रंग जवळपास तेच आहेत. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, नारिंगी ३.३ व्होल्ट. काळी म्हणजे ग्राउंड. जांभळी वायर ५ व्होल्ट स्टँडबाय, म्हणजे मशीन बंद असलं तरी भिंतीतला स्विच चालू असेपर्यंत हिच्यात वीज असते. निळी उणे १२ व्होल्ट. हिरवी ही एसएमपीएसला "चालू हो" सांगणारी वायर. मदरबोर्ड तिला ग्राउंडला जोडतो तेव्हा डबा सुरू होतो. आणि करडी वायर "सगळं ठीक आहे" असं मदरबोर्डला कळवते. सगळ्या लाइनी स्थिर झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंद थांबून तिच्यावर ५ व्होल्ट येतात, मगच प्रोसेसर कामाला लागतो. चालू असताना हा सिग्नल गेला की मशीन रीसेट. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, थेट काळोख आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मामाच्या मशीनला हेच होत होतं, त्यामुळे माझा संशय सॉफ्टवेअरवरून आधीच उठला होता.

मर्यादा लक्षात ठेवायला सोप्या आहेत. १२, ५, ३.३ आणि स्टँडबाय, सगळ्यांना पाच टक्के वर-खाली चालतं. म्हणजे पिवळी ११.४० ते १२.६०, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४६. उणे १२ ला दहा टक्के. फोनच्या नोट्समध्ये हे तीन आकडे टाकून ठेवा, बाकी पाठ करायची गरज नाही.

स्क्रीनवरच्या आकड्याचं काय करायचं

आता सगळ्यांचा पहिला हात जातो तो बायोसमध्ये किंवा विंडोजमध्ये व्होल्टेज दाखवणाऱ्या एखाद्या फुकट प्रोग्रामकडे. मामाच्या मशीनवरही तसा एक प्रोग्राम दुरुस्तीवाल्याने टाकून ठेवला होता. त्यात १२ व्होल्टच्या पुढे लाल अक्षरांत ११.१३ दिसत होतं, ५ व्होल्टच्या पुढे हिरव्या अक्षरांत ४.९७. बघणाऱ्याला वाटणार, १२ ची लाइन गेली, ५ ची उत्तम. होतं बरोबर उलटं.

हे असं का होतं, यात जरा खोलात जाऊ, कारण मला स्वतःला हाच भाग सगळ्यात आवडतो.

मदरबोर्डवर एक छोटी चिप असते, तिचं एक काम व्होल्टेज मोजणं. त्या काळी अनेक बोर्डांवर असलेली विनबाँडची डब्ल्यू ८३६२७ एचएफ घ्या. तिचा मोजणारा भाग ८ बिटचा आहे. म्हणजे ० ते २५५ एवढेच आकडे, आणि प्रत्येक पायरी १६ मिलीव्होल्टची. २५५ गुणिले १६, म्हणजे ४ व्होल्टच्या थोडं वरपर्यंतच तिला मोजता येतं. मग १२ व्होल्ट कसे मोजायचे? दोन रेझिस्टर लावून ते वाटून घ्यायचे. चिपच्या माहितीपत्रकात २८ किलोओहम आणि १० किलोओहमची जोडी सुचवलेली आहे. त्यातून १२ व्होल्टचे ३.८ पट कमी होऊन साधारण ३.१६ व्होल्ट चिपपर्यंत पोचतात. चिप म्हणते "१९७". प्रोग्राम १९७ ला १६ मिलीव्होल्टने आणि मग ३.८ ने गुणतो आणि ११.९८ दाखवतो.

इथे दोन भोकं आहेत. पहिलं, १९७ नंतर थेट १९८, म्हणजे ११.९८ नंतर थेट १२.०४. मधलं काही दिसतच नाही. हे फार मोठं नाही, चालतं. दुसरं भोक मोठं आहे. ते दोन रेझिस्टर पैशाला पासरीवाले असतील आणि पाच टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असतील तर? एक पाच टक्के जास्त निघाला आणि दुसरा पाच टक्के कमी, तर खरे १२.०० व्होल्ट स्क्रीनवर ११.१ च्या आसपास दिसतात. वायरीत काही दोष नसताना प्रोग्राम लाल अक्षरं दाखवतो. एक टक्क्यावाले चांगले रेझिस्टर असले तरी वाईटात वाईट जुळणीत ११.८२ दिसू शकतं.

शिवाय बोर्ड बनवणाऱ्याने २८ आणि १० चीच जोडी लावली पाहिजे असं बंधन नाही. त्याने दुसरी लावली असेल तर ३.८ हा गुणाकारच चुकीचा. बायोसला आपल्या बोर्डवर काय लावलंय ते माहीत असतं; बाहेरून टाकलेल्या प्रोग्रामला ते माहीत असेलच असं नाही. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स नावाचं साधन आहे, त्याच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये हे गुणाकार बोर्डानुसार हाताने लिहावे लागतात. ती फाईल एकदा उघडून बघितलीत की स्क्रीनवरच्या आकड्याबद्दलची भक्ती आपोआप कमी होते. कुठे उणे १२ च्या जागी अधिक ३ किंवा उणे १८ असं काहीतरी दिसलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा त्या पायाला बोर्डवर काही जोडलेलंच नसतं.

मग हे प्रोग्राम टाकाऊ का? तर नाही. रेझिस्टर चुकीचे असले तरी ते दर मिनिटाला बदलत नाहीत. म्हणून आकडा खोटा असला तरी आकड्यातला फरक बऱ्यापैकी खरा असतो. निवांत असताना ११.१३ आणि कामाला लावल्यावरही ११.१३ ते ११.०७, म्हणजे ती लाइन घट्ट आहे, वाचणाराच तिरका आहे. निवांत असताना ४.९७ आणि कामाला लावल्यावर ४.७०, तर मात्र खरंच काहीतरी कोसळतंय. अडचण एवढीच की कामाला लावल्यावर मशीन बंद पडत असेल तर तो आकडा बघायला तुम्हाला वेळ मिळत नाही. आणि बायोसच्या स्क्रीनवर हार्डडिस्क, सीडी रायटर, ग्राफिक्स कार्ड सगळे आराम करत असतात, तिथे बघून पूर्ण चित्र कळणार नाही.

मीटर आणि हात

म्हणून मल्टीमीटर. इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो तो साधा डीटी-८३० जातीचा स्वस्त मीटर या कामाला पुरतो. डीसीच्या २० व्होल्ट रेंजवर तो १० मिलीव्होल्टपर्यंत दाखवतो, आणि १२ व्होल्ट मोजताना त्याची चूक साधारण ०.०८ व्होल्टच्या आत असते. ११.४० च्या मर्यादेपासून आपण किती लांब आहोत हे बघायला तेवढं बस.

फक्त त्याच्या आतली ९ व्होल्टची बॅटरी बघा. ती उतरली की असे मीटर जास्त आकडा दाखवायला लागतात, आणि मग आजारी एसएमपीएस धडधाकट वाटतो. खात्री करायला एक नवा कोरा अल्कलाइन पेन्सिल सेल मोजा, १.५ ते १.६ च्या मध्ये आलं पाहिजे. १.८ दाखवत असेल तर आधी मीटरची बॅटरी बदला.

लाल प्रोब कुठल्या भोकात आहे तेही बघा. १० अँपिअर लिहिलेल्या भोकात असेल तर तुम्ही व्होल्टेज मोजत नाही, सरळ शॉर्ट करताय.

सुरक्षेचं थोडक्यात आणि स्पष्ट सांगते. एसएमपीएसचा पत्र्याचा डबा उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठून राहू शकतात. आपल्याला जे मोजायचंय ते सगळं डब्याच्या बाहेर, कनेक्टरवर मिळतं. तिथे १२ व्होल्टने शॉक बसत नाही, पण ही लाइन वीसेक अँपिअर देऊ शकते, आणि पिवळ्या वायरीला आणि कॅबिनेटला एकदम टेकलेली अंगठी लालबुंद व्हायला क्षणभर पुरतो. अंगठ्या, कडं, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. डब्यामागे छोटा लाल स्विच असेल, ११५ आणि २३० लिहिलेला, तर तो २३० वरच असला पाहिजे. आपल्याकडे तो ११५ वर ठेवून प्लग लावला तर मोठा आवाज येतो आणि मोजायला काही शिल्लक राहत नाही. लहान मुलं घरात असतील तर हा स्विच बघूनच घ्या.

एटीएक्सच्या आधीची, १९९० च्या दशकातली एटी मशीन कुणाकडे असतील तर वेगळी काळजी: त्यात पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची जाड वायर आलेली असते. आणि मदरबोर्डला जाणारे दोन कनेक्टर वेगळे असतात, ते लावताना दोन्हींच्या काळ्या वायरी मध्यभागी शेजारी शेजारी आल्या पाहिजेत. उलटे लावले तर बोर्ड गेला. आणखी एक, डेलच्या १९९० च्या दशकाच्या शेवटच्या काही मशीनमध्ये कनेक्टर दिसायला एटीएक्सचाच आहे पण वायरींची जागा वेगळी. तिथे साधा एसएमपीएस लावू नका.

आता मोजणं. काळा प्रोब क्रोकोडाईल क्लिपने हार्डडिस्कच्या एखाद्या रिकाम्या चार पिनी कनेक्टरच्या काळ्या वायरीला लावा, म्हणजे एक हात मोकळा. लाल प्रोब मदरबोर्डच्या मोठ्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने, वायर जिथून आत शिरते तिथून, वायरीच्या कडेने हळूच सरकवा, आतल्या धातूला टेकेपर्यंत. कनेक्टर काढायचा नाही. मशीन चालू, काम चालू, आणि आपण मागून बघतोय. आधी मशीन बंद आणि भिंतीतला स्विच चालू ठेवून जांभळी मोजा. बटण दाबूनही काहीच होत नाही, किंवा तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला मशीन सुरू होतं, अशा तक्रारीत बऱ्याचदा हीच लाइन अशक्त निघते. मग मशीन सुरू करून नारिंगी, लाल, पिवळी.

प्रत्येक लाइन दोनदा मोजायची, एकदा निवांत आणि एकदा मशीनला घाम फोडून. घाम फोडायला काहीही चालेल: सेव्हन-झिपची चाचणी लावा, त्याच वेळी सीडी वाचायला घाला, एक मोठी फाईल कॉपी करा. सगळं एकदम चालू झालं की मीटरकडे बघा.

इथे इंटरनेटवर फार चालणाऱ्या एका युक्तीबद्दल. एसएमपीएस बाहेर काढायचा, हिरवी वायर तारेच्या तुकड्याने काळीला जोडायची, पंखा फिरला आणि मीटरवर १२ आणि ५ दिसले की "एसएमपीएस ओके" म्हणायचं. मामाच्या दुरुस्तीवाल्याने हेच केलं होतं. या चाचणीने डबा पूर्ण मेलेला आहे का एवढंच कळतं. ओझं नसताना जवळपास कुठलाही डबा बरोबर आकडा दाखवतो. रिकाम्या हाताने तर कुणीही जिना चढतं, गव्हाचं पोतं खांद्यावर दिल्यावर काय होतं ते बघायचंय. उलट काही जुने एसएमपीएस अजिबात ओझं नसेल तर सुरूच होत नाहीत किंवा वेडेवाकडे आकडे दाखवतात, आणि चांगला डबा बाद ठरतो.

मामाच्या मशीनवर काय निघालं

निवांत असताना लाल वायर ४.८८, पिवळी १२.२०. दोन्ही मर्यादेत. म्हणजे स्क्रीनवरचे लाल ११.१३ साफ खोटे होते. पण लाल वायर थोडी खाली आणि पिवळी थोडी वर, हे बघून मला बरं वाटलं, कारण ते ओळखीचं चिन्ह होतं. मग पेजमेकरमध्ये मोठी पत्रिका उघडली आणि सीडी फिरवली. लाल ४.७४. ४.६६. ४.६१. आणि रीस्टार्ट. त्या शेवटच्या क्षणाला पिवळीवर दुसरा मीटर होता, तो १२.५० च्या वर गेला होता.

एक लाइन पडतेय आणि दुसरी चढतेय, हे कसं? स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ यांचं नियंत्रण वेगवेगळं नसतं. एकच सर्किट दोघांची मिळून सरासरीसारखी काढतं आणि ती सांभाळतं. दोन्ही लाइनींवर प्रमाणात ओझं असेल तर सगळं छान. पण ५ वर फार ओझं आणि १२ वर जवळपास काहीच नाही, अशी वेळ आली की ५ ची लाइन वाकते, सर्किट जोर वाढवतं, आणि त्या जोराने १२ ची लाइन वर जाते. दोन्ही आपापल्या दिशेने सुटतात.

आणि ५ वर एवढं ओझं कशाला? तर प्रोसेसरमुळे. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसरची वीज १२ व्होल्टमधून घेतली जाते. त्यासाठीचा चौकोनी चार पिनी कनेक्टर इंटेलने पेंटियम ४ बरोबर, २००० सालच्या सुमारास आणला. त्याआधीचे बोर्ड, आणि अ‍ॅथलॉन एक्सपीचेही कित्येक बोर्ड, प्रोसेसरची वीज ५ व्होल्टच्या लाल वायरींतून ओढतात. तुमच्या बोर्डावर तो वेगळा चौकोनी कनेक्टर नसेल तर बहुधा तुमचं मशीन याच जातीचं.

हिशोब करून बघा. त्या अ‍ॅथलॉनला भरात साठ-पासष्ट वॅट लागतात. बोर्डावरचं रूपांतर ८० टक्के कार्यक्षम धरलं तरी ५ च्या लाइनीवर ८० वॅट, म्हणजे १६ अँपिअर, फक्त प्रोसेसरसाठी. वर हार्डडिस्क, यूएसबी, कार्डं. नव्या बसवलेल्या डब्याच्या लेबलवर मोठ्ठ्या अक्षरात ५०० वॅट आणि खाली बारीक अक्षरात ५ व्होल्टसमोर १५ अँपिअर. जुना, काढून टाकलेला डबा ३०० वॅटचाच होता, पण त्यावर ५ व्होल्टसमोर ३० अँपिअर लिहिलं होतं.

म्हणजे मदरबोर्ड ठीक होता. नवा एसएमपीएससुद्धा बिघडलेला नव्हता, नव्या मशीनला तो चालला असता. फक्त या मशीनसाठी तो चुकीचा होता. म्हणून जुन्या मशीनला एसएमपीएस घेताना एकूण वॅटचा आकडा बाजूला ठेवा आणि लाल लाइनीचे अँपिअर वाचा. २० पिनी बोर्डाला २४ पिनी एसएमपीएस लागतो, जास्तीच्या चार पिना सुट्या होतात किंवा बाहेर लटकतात, त्याने काही बिघडत नाही. पांढऱ्या वायरीचे उणे ५ व्होल्ट नव्या डब्यांत नसतात. ते फक्त काही जुन्या आयएसए कार्डांना लागायचे.

आमच्यासाठी शेवटी पुण्यात जुन्या सामानाच्या दुकानात ५ व्होल्टला ३० अँपिअरवाला एक डबा मिळाला. तो लावून त्याच पत्रिकेवर, त्याच सीडीवर मोजलं: लाल ४.९६, पिवळी ११.९४. प्रोग्राम अजूनही लाल अक्षरं दाखवतो, ते तसंच ठेवलंय. मामाने त्याच्यावर चिकटपट्टी लावून "याकडे बघू नये" असं लिहिलंय.

मीटरला न दिसणारं

आकडे मर्यादेत असूनही मशीन रडत असेल तर दोन गोष्टी उरतात.

पहिली कनेक्टर. लाल वायर मदरबोर्डच्या कनेक्टरवर ४.७८ आणि हार्डडिस्कच्या चार पिनी कनेक्टरवर ५.०२ आली, तर डबा व्होल्टेज देतोय, ते वाटेत कुठेतरी जातंय. मोठ्या कनेक्टरची पांढरी प्लॅस्टिकची कड कुठे पिवळट-तपकिरी झालीय का बघा. तिथली पिन सैल होऊन तापलेली असते.

दुसरी गोष्ट रिपल. डीसी रेंजवरचा मीटर सरासरी दाखवतो. ५ व्होल्ट प्रत्यक्षात ४.८ आणि ५.२ च्या मध्ये वेगाने थरथरत असतील तरी मीटर शांतपणे ५.०० दाखवेल. एटीएक्सच्या नियमात ही थरथर ५ आणि ३.३ वर ५० मिलीव्होल्ट आणि १२ वर १२० मिलीव्होल्टच्या आत हवी. मीटर एसीवर फिरवून ती दिसेल असं वाटत असेल तर स्वस्त मीटरवर एसीची सगळ्यात लहान रेंजच २०० व्होल्टची असते, तिथे हे दिसणार नाही. ऑसिलोस्कोप लागतो. मी पुण्यातला तो जुना डबा एका मैत्रिणीच्या कॉलेजच्या लॅबमध्ये नेऊन बघितला, तेव्हाच सांगलीला पाठवला. ऑसिलोस्कोप नसेल तर डोळे वापरा. रिपल वाढतो तो मुख्यतः म्हातारे झालेल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमुळे, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत खराब कपॅसिटरांची एक लाटच आली होती. मदरबोर्डवर प्रोसेसरभोवतीच्या कपॅसिटरांची डोकी सपाट आहेत की फुगलीत, खाली तपकिरी डाग आहे का, हे टॉर्च लावून दिसतं. डब्यातलेही जाळीतून थोडे दिसतात. जाळीतूनच बघा.

मागच्या वेळी विषय निघाला तेव्हा काही जणांनी विचारलं होतं की कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, तो एसएमपीएसचा दोष का? बहुतेक वेळा नाही. डब्यात शिरतानाच फिल्टरसाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्यापर्यंत आणि एक न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल तर तिथलं गळणारं किरकोळ करंट जमिनीत जातं. अर्थिंग नसेल तर पत्रा २३० च्या अधेमध्ये, ११५ च्या आसपास तरंगत राहतो. मीटर एसी २०० वर लावून कॅबिनेट आणि खात्रीची अर्थिंग यांच्यात मोजा. शंभरच्या आसपास आलं तर एसएमपीएस बदलू नका, वायरमनला बोलवा आणि त्या सॉकेटच्या तिसऱ्या, मोठ्या भोकामागे खरंच वायर आहे का ते बघायला सांगा. प्रेसमध्ये ती नव्हती. सॉकेट तीन पिनी होतं, मागे वायरी दोनच होत्या.